सगळं पिवळं

“शालन, आज हळद दळलीस काय गं गिरणीत?”

गिरणी चालू होती, पट्टा फडफडत होता. आत्या गिरणीच्या दारात पाटावर बसलेल्या, हातात ज्वारीचं गरम पीठ घेऊन त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. आत्या म्हणजे माझी सासू. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात.

“हळद कशाला दळू?” मी ओरडून म्हणाले. गिरणीवाल्या बाईचा आवाज जन्माचा चढलेला असतो. “हळद-मिरची दळायची नाही हा तुमचाच कायदा ना! ज्वारी आहे ती. हौसाकाकूंची.”

“मग पीठ पिवळं का हाय?”

“पांढरंफेक आहे.”

आत्यांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, बाहेर रस्त्याकडे बघितलं. “तू बी पिवळी दिसतीस,” त्या म्हणाल्या. “समदंच पिवळं दिसतंय.”

गिरणी बंद केली, त्यांना उजेडात आणलं आणि डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली. कावीळ असती तर डोळ्यांतला पांढरा भाग पिवळा दिसला असता. डोळे चांगले पांढरे होते. मी म्हणाले, “चष्म्याचा नंबर वाढला असेल, आता फलटणला जाऊ तेव्हा दाखवू,” आणि पुन्हा गिरणी सुरू केली. माझ्यापुढं डबे रांगेत उभे होते.

वीसेक वर्षं झाली याला. आत्या त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात मरता मरता वाचल्या होत्या. पाय सुजून खांबासारखे झालेले, आडवं पडलं की जीव घुसमटायचा, म्हणून बसूनच झोपायच्या. पुण्याला नेलं तर तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचं पंपिंग कमी झालंय, पाणी साठतंय, गोळ्या आता कायमच्या. लघवीवाटे पाणी काढणारी एक, हृदयाला जोर देणारी एक, आणखी एक-दोन. मीठ कमी. आत्यांनी ते सगळं मनावर घेतलं. एक वेळ चहा चुकेल, पण गोळी चुकायची नाही. गोळ्यांचा स्टीलचा डबा त्यांच्या उशाशी. त्याला कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही. “मला लिवता-वाचता येत न्हाई, पर खुणा कळत्यात,” असं म्हणायच्या, आणि खरंच, कुठली कधी घ्यायची ते त्यांना चोख ठाऊक होतं.

अंगात जरा जोर आल्यावर बाई पुन्हा गिरणीच्या दारात बसून माझ्या चुका काढायला लागली. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. भांडायला माणूस असलं की घर घर वाटतं.

आता पिवळ्याचं का सांगतेय, ते कळायला एक गोष्ट आधी सांगायला हवी. आमच्या घरात पिवळं काही आणायचं नाही, असा दंडकच होता. झेंडू नाही, पिवळं लुगडं नाही. हळद डाळीत पडायची तेवढीच. घरचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, पण देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक नव्हता. तो एका फडक्यात बांधून ट्रंकेत तळाशी ठेवलेला. आत्यांनी देवाशी अबोला धरला होता.

कारण त्यांचा थोरला मुलगा, मल्हारी. माझं लग्न व्हायच्या आधी तो जेजुरीला गेला होता, गावातल्या पोरांबरोबर टेम्पोनं. येताना टेम्पो घाटात उलटला. बाकीची वाचली, तो गेला. घरी आणला तेव्हा अंगभर भंडारा होता, गडावर उधळलेली हळद. केसात, कानात, नखात. शेवटची अंघोळ घालताना पाणी पिवळंच येत राहिलं, असं शेजारच्या हौसाकाकू सांगायच्या. आत्यांनी स्वतः कधी एक अक्षर सांगितलं नाही.

त्या टेम्पोत माझे मालकही होते. नाव घ्यायचं तर उखाण्यात घ्यायची आमची रीत, पण आता माझंच वय झालंय, घेते. हणमंतराव. मल्हारीचा धाकटा भाऊ. त्यांच्या कपाळावर नुसता एक व्रण राहिला. आईनं त्यांना कधी विचारलं नाही, त्यांनी आईला कधी सांगितलं नाही.

तर पीठ पिवळं दिसलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या अंथरुणात बसून दाराकडे बघून हसत होत्या. मी चहा घेऊन गेले.

“जरा बाजूला हो,” त्या म्हणाल्या. “तू मधी आलीस.”

“कुणाच्या मधे?”

“मल्हारी आलाय न्हवं का. दारात उभा हाय.”

दारात कुणी नव्हतं. बाहेर अंगणात कोंबडी उकरत होती, एवढंच. पण आत्या ज्या मायेनं त्या रिकाम्या दाराकडे बघत होत्या, ते बघून माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या दारातून मला बाहेर जायचं होतं आणि पाऊल उचलेना. शेवटी अंग चोरून, चौकटीला घासून गेले. आपल्याच घरात!

गावात असं काही लपून राहतं होय! दुपारपर्यंत हौसाकाकू नारळ घेऊन हजर. त्यांच्यामागं आणखी दोघी-तिघी. आत्यांच्या पाया पडल्या.

“देवानं अबोला सोडला गं शालन,” हौसाकाकू डोळे पुसत म्हणाल्या. “भंडाऱ्याच्या रूपानं आला. पोराला संगट घेऊन आला. केवढं भाग्याचं!”

“काकू, भाग्याचं खरं, पण त्यांनी कालपासून काही खाल्लं नाही.”

“उपास घडवून घेतोय देव.”

“उपास नव्हे हो, ओकतायत त्या! भाकरी बघितली तरी मळमळतंय त्यांना.”

“तू जरा गप ऱ्हा. हरेक गोष्टीत तुझं तोंड.”

गप राहिले. तीन दिवस घरात माणसं येत होती. ट्रंकेतला टाक बाहेर निघाला, देव्हाऱ्यात बसला. आत्यांनी सतरा-अठरा वर्षांनी देवापुढं हात जोडले. रडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, “उशीर केलास, पर आणलास.” ते ऐकून मलाच रडू फुटलं.

पण माझं लक्ष त्यांच्या हातापायांकडे होतं. बाई वाळत चालली होती. उठून बसली की डोळे मिटायची. बोलताना मधेच थांबायची. आणि सकाळी मात्र न चुकता, अगदी भक्तिभावानं, डबा उघडून गोळ्या घ्यायची.

मी हणमंतरावांना म्हणाले, “दोशी डॉक्टरांकडे नेऊ या.”

ते आईच्या खाटेशेजारी जमिनीवर बसले होते. गिरणीवर आलेच नव्हते. माझ्याकडे बघितलंही नाही. आईला हळूच म्हणाले, “आई, अजून हाय का त्यो?”

“हाय की.”

“कसा दिसतोय?”

“हाय तसाच. पिवळाजरद. हसतोय.”

हणमंतराव खाटेजवळ सरकले. “माझ्याबद्दल काय म्हणतोय का गं?”

आत्यांनी दाराकडे बघितलं, बराच वेळ. “न्हाई,” म्हणाल्या. “बोलत न्हाई त्यो.”

मी त्यांना ओसरीवर ओढून आणलं. “अहो, आईची तब्येत बघा आधी. ही काही बरी लक्षणं नव्हेत.”

“चार दिवस ऱ्हाऊ दे गं शालन.”

“चार दिवसांत त्या जातील!”

“तू त्याला बघितलंच न्हाईस,” ते म्हणाले. आवाज चढवला नव्हता, तरी मला चपराक बसल्यागत झालं. “तुला काय कळायचं.”

“नाही बघितलं त्याला,” मी म्हणाले. “पण ह्यांना बघतेय. तुमची आई डोळ्यांदेखत चाललीय, आणि तुम्ही तिच्याकडे सोडून दाराकडे बघताय!”

ते उठून मळ्याकडे निघून गेले. तासाभरात आत्या देव्हाऱ्याकडे जाताना कोसळल्या. मी कुणाची वाट बघितली नाही. शेजारच्याची रिक्षा बोलावली, शेजारणीच्या मदतीनं आत्यांना उचलून बसवलं आणि निघता निघता गोळ्यांचा डबा उशाखालून काढून घेतला. आत्यांना शुद्ध होती. रिक्षा वळली तशी मागं वळून घराकडे बघत राहिल्या.

“त्याला एकट्याला टाकून कुठं नेतीस गं मला?” त्या म्हणाल्या. “एवढ्या वर्सांनी आलाय.”

मी त्यांचा हात धरून बसले.

दोशी डॉक्टर म्हणजे आमच्या तालुक्यातले जुने डॉक्टर. त्यांनी नाडीवर बोटं ठेवली आणि ठेवलीच. चेहरा बदलला. छातीला तारा लावून कागद काढला, तो बघितला. मग मला विचारलं, “गोळ्या कुठल्या चालू आहेत?”

मी डबा पुढं केला. ते एकेक पाकीट उलटंसुलटं करून वाचायला लागले. एवढ्यात हणमंतराव मोटारसायकलवरून धापा टाकत आले आणि दारातच उभे राहिले.

डॉक्टरांनी दोन पाकिटं वेगळी काढली. “आजी, ही गोळी कशी घेता?”

“सकाळी येक.”

“आणि ही?”

“ती बी येक. ती दुसरी.”

“दुसरी म्हणजे?”

“दुसरी म्हंजे दुसरी,” आत्या थकल्या आवाजात म्हणाल्या. डॉक्टरला एवढंही कळू नये याचं त्यांना नवल वाटलं. “हणमंतानं आणून दिली न्हवं का. म्हणला, आई, ही दुसरी गोळी आणलीय, आता ही घेत जा.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “अहो, हे एकच औषध आहे. नाव वेगळं, कंपनी वेगळी, आतलं औषध तेच. दोन्ही घेताय तुम्ही? किती दिवस?”

“मी तसं न्हवतं म्हणलं!” हणमंतराव दारातून म्हणाले. तोंड पांढरं पडलं होतं. “पुण्याची गोळी हितं मिळंना. दुकानदार म्हणला, तीच हाय, दुसऱ्या कंपनीची. म्हणून मी आईला म्हणलं, ही दुसरी आणलीय. म्हंजे तिच्याजागी दुसरी!”

“मग मी तरी काय म्हणतीय?” आत्या म्हणाल्या. “पैली सरली न्हवती. पैली हाय, ही दुसरी.”

भांडणार तरी कुणाशी? मायलेक दोघंही मराठीच बोलले होते, आणि दोघांचंही बरोबर होतं.

डॉक्टरांनी मग आम्हाला बाहेर नेऊन सांगितलं. हे औषध हृदयाला ताकद देतं, पण फार नाजूक औषध आहे. प्रमाणात असलं तर तारतं. जास्त झालं की अंगात साठतं, नाडी मंदावत जाते, अन्न जात नाही, ओकाऱ्या होतात. आणि माणसाला पिवळं दिसायला लागतं.

“पिवळं?” मी म्हणाले.

“हो. दिव्याभोवती वलयं दिसतात, सगळ्या वस्तू पिवळ्या दिसतात. म्हाताऱ्या माणसाला भ्रमही होतो कधीकधी. आत्ताच मोठ्या दवाखान्यात न्या. आणखी दोन दिवस गेले असते तर नाडी बंदच पडली असती.”

“माणसं दिसतात का हो, डॉक्टर?” हणमंतरावांनी विचारलं.

डॉक्टरांना आमच्या घरची गोष्ट माहीत होती. “दिसू शकतात,” एवढंच म्हणाले.

हणमंतराव दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसले. त्यांना सावरायला मला वेळ नव्हता. मी गाडी बघायला पळाले.

आत्या वाचल्या. दवाखान्यात औषध अंगातून उतरत गेलं तसं पिवळंही उतरत गेलं. आधी भिंती पांढऱ्या झाल्या, मग चादर, मग माझं तोंड. एका सकाळी त्यांनी खोलीच्या दाराकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

“गेला,” म्हणाल्या.

घरी आल्यावर डबा माझ्या ताब्यात आला. दोशी डॉक्टरांनी शिकवलं तसं मी रोज सकाळी घड्याळ समोर ठेवून त्यांची नाडी मोजायची. कमी लागली तर गोळी द्यायची नाही, आधी डॉक्टरांना सांगायचं. नवीन पाकीट आलं की जुन्याशी ताडून दुकानदाराला विचारायचं, हे काय आहे, कशाच्या जागी आहे. मग एक गोळी तळहातावर ठेवायची. आणि आत्या रोज तोच हट्ट धरायच्या.

“दुसरी दे की गं.”

“दुसरी नाही, आत्या.”

“येकच डाव. त्येला बघते नि मग न्हाई मागत.”

“जीव जाईल तुमचा.”

“जाऊ दे की. मला जीव ठेवून काय राखण करायची हाय?”

“माझी करा!” एकदा मी चिडून ओरडले, गिरणीत ओरडते तशी. “तिकडं कोण भेटतं ते मला ठाऊक नाही. इथं मला तुम्ही पाहिजे आहात!”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. हात पुढं करून एक गोळी घेतली, पाणी प्यायल्या. मला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. थंडीच्या दिवसांत त्यांचे पाय पुन्हा सुजायला लागले. बोलताना धाप लागायची. मीठ तपासलं, पाणी तपासलं, सगळं ठीक. मग एक दिवस त्यांचं लुगडं धुवायला घेतलं तर पदराला गाठ लागली. सोडली तर आत गोळ्या. तोंडात टाकल्यासारखं करायच्या आणि मुठीत ठेवायच्या! आमच्या चंपाषष्ठीला, देवाच्या दिवशी, सगळ्या एकदम घ्यायच्या होत्या. विचारलं तर खोटं बोलल्या नाहीत. “मला त्येला येक इचारायचं ऱ्हायलंय,” म्हणाल्या. “हसत हुता, म्हणून मी बी हसत बसले. इचारलंच न्हाई.”

मला राग यायला हवा होता. मी ओल्या लुगड्यासकट तिथंच खाली बसले. बाई औषध न घेता मरणार, नाहीतर घेऊन मरणार, आणि मी मधे घड्याळ घेऊन बसलेय.

संध्याकाळी हणमंतरावांपुढं त्या गोळ्या ठेवल्या. त्यांनी बघितल्या.

“तिला जेजुरीला नेऊ,” म्हणाले. मल्हारी गेल्यापासून तेही तिकडं फिरकले नव्हते.

डॉक्टरांनी गड चढायला साफ नाही सांगितलं होतं. म्हणून एका रविवारी गाडी करून गेलो आणि खाली पहिल्या पायरीपाशीच आत्यांना खुर्चीवर बसवलं. रविवार देवाचा. माणसांचे लोंढे चढत-उतरत होते. वरून उतरणारा प्रत्येक जण हळदीनं माखलेला. बायका, म्हातारे, नवी लग्नं झालेली जोडपी. “येळकोट येळकोट जय मल्हार!” म्हणून कुणीतरी मूठ उधळली की सगळी हवा पिवळी व्हायची.

“बघा, आत्या,” मी त्यांच्या कानाशी म्हणाले. “गोळीबिगर.”

आत्या बघत होत्या. उतरणारं एकेक तोंड बघत होत्या. पोरं उतरायची, वीस-बावीस वर्षांची, हसत, खिदळत, नखशिखांत पिवळी. त्या प्रत्येकाला खालपासून वरपर्यंत न्याहाळायच्या आणि मान हलवायच्या.

“शालन,” त्या म्हणाल्या, “हितं समदीच पिवळी गं. ह्यातला माझा कंचा, वळखू कसा?”

मला वाटलं, चुकलंच आपलं. उगाच आणलं. हणमंतरावांना हाक मारायला वळले तर ते दोन पायऱ्या वर उभे होते. कधी गेले कळलं नाही. कुणीतरी उधळलेला भंडारा त्यांच्या अंगावर पडला होता, का त्यांनीच घेतला होता, ठाऊक नाही. केस, भुवया, कपाळावरचा व्रण, काहीच दिसत नव्हतं. ते खाली उतरले आणि आईच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसले. बोलले नाहीत.

आत्यांनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी त्यांचे गाल धरले.

“लई दुखलं का रं?” त्यांनी विचारलं.

हणमंतरावांचा जबडा हलला. पण आवाज निघाला तो अगदी सरळ.

“न्हाई आई. काय कळलंच न्हाई मला.”

“खरं?”

“तुज्यान खरं. निजल्यागत झालं.”

आत्यांनी गाल सोडले नाहीत. आजूबाजूनं माणसं वाट काढून जात होती. बऱ्याच वेळानं त्यांनी पदरानं त्यांचं कपाळ पुसलं, व्रण दिसेपर्यंत. मग माझ्याकडे हात केला.

“माझी गोळी आणलीस न्हवं? सकाळची ऱ्हायलीय.”

मी नाडी बघितली आणि गोळी दिली. माझ्यादेखत गिळली.

परतताना आत्या गाडीत झोपल्या तेव्हा हणमंतरावांनी मला सांगितलं, आमच्या सगळ्या संसारात पहिल्यांदा. घाटात मदत यायला फार उशीर झाला होता. मल्हारीचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. तो शेवटपर्यंत शुद्धीवर होता, आणि शेवटपर्यंत आईला हाका मारत होता.

आत्या पुढं पुष्कळ वर्षं जगल्या. पदराला पुन्हा गाठ नव्हती, दुसरी गोळी पुन्हा मागितली नाही. फक्त कधीकधी हणमंतरावांना मल्हारी म्हणून हाक मारायच्या. चुकून की मुद्दाम, मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी विचारलंही नाही. ते हातातलं काम टाकून ओ द्यायचे.